झडपेच्या मागे

थ्रॉटल बॉडीवर आधीच खुणा केलेल्या होत्या. मोरपंखी फुल्या, नखांना लावायच्या पॉलिशने काढलेल्या. एक मोठी, दोन लहान. मिस्त्रीने चिंधी सोडवून ती वस्तू उजेडाकडे धरली आणि फुल्या दिसताच त्यातली एक नखाने खरवडून बघितली. ती निघाली नाही. मुलगी समोरच्या स्टुलावर बसून चहा पीत होती. तिने सहज सांगितलं की काल बाबाशी बोलणं झालं, त्याने कॅमेऱ्यातून सगळ्या बाजूंनी बघितलं आणि भोकं कुठे पाडायची ते सांगितलं. तो सांगत गेला, ती फुल्या मारत गेली. पेन उमटेना म्हणून पॉलिश घेतलं. तुमचं काम सोपं केलं, काका, असंही ती म्हणाली. मिस्त्री हसला. बरं केलंस, म्हणाला, आणि थ्रॉटल बॉडी फुल्या खाली जातील अशी टेबलावर पालथी ठेवली. मग बराच वेळ तो पान्यांच्या खणात असा एक पाना शोधत राहिला, जो त्याला नको होता.

काम तसं काही अवघड नव्हतं. अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडलेली दोन दारांची जुनी गाडी, तिचं इंजिन गंजून जाम झालेलं, म्हणून मिस्त्रीने भंगारातून एका नव्या गाडीचं इंजिन उचलून आणलं होतं आणि या जुन्या अंगात बसवलं होतं. खरं डोकं खाणारं काम ते होतं. माउंटिंग कापून जोडणं, वायरिंगचा गुंता सोडवणं. ते सगळं त्याने एकट्याने केलं आणि तेव्हा कोणाला कॅमेरा धरावासा वाटला नाही. आता राहिला ब्रेक. जुन्या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन हवा आत खेचतं, त्या ओढीचा थोडा वाटा एका रबरी नळीने ब्रेकच्या बूस्टरला दिला की पायाला जोर लागत नाही. नव्या इंजिनाला असले लाड माहीत नव्हते; त्याच्या मूळ गाडीत ब्रेकला वेगळा पंप होता. हवा इंजिनात वाटून देणारं मॅनिफोल्ड प्लास्टिकचं, त्यात आटे टिकायचे नाहीत. म्हणजे उरली थ्रॉटल बॉडी, हवेच्या तोंडाशी बसणारं ॲल्युमिनियमचं नळकांडं. त्याच्या आत आसावर फिरणारी गोल झडप असते, पाय दाबला की उघडते, सोडला की मिटते. ओढ पाहिजे तर भोक झडपेच्या मागे, इंजिनाच्या बाजूला पाडायचं. झडपेच्या पुढे पाडलं तर तिथे नुसती बाहेरची हवा. मोठी फुली ब्रेकची, लहान दोन फुल्या पेट्रोलच्या प्रेशरसाठी आणि हीटरसाठी. इतकं सगळं कोणीही सांगेल.

पण ती जागा कोणीही सांगितली नसती. मुलगी गेल्यावर मिस्त्रीने थ्रॉटल बॉडी पुन्हा सुलटी केली, झडप बोटाने उघडली, मिटली, पुन्हा उघडली. फुल्या खालच्या अंगाला होत्या, आसाच्या शेवटाजवळ, जिथे झडप कशीही फिरली तरी आड येत नाही. धातू तिथे पातळ होता पण पुरेसा होता. मिस्त्रीला स्वतःला ती जागा सुचायला दोन चहा लागले असते. फुल्या चुकलेल्या असत्या तर त्याला केवढं बरं वाटलं असतं. मग त्याने मुलीला बोलावलं असतं, शेजारी उभं केलं असतं आणि आवाज मुळीच न चढवता समजावून सांगितलं असतं, की बघ, लांबून असं कळत नाही. हातात वस्तू घ्यावी लागते. हे वाक्य त्याच्या जिभेवर तयारच होतं. लांब राहून बरोबर असणारी माणसं त्याला मुळात आवडत नसत.

मनातल्या मनात तो मुलीच्या बाबाला 'पहिला' म्हणायचा. घरात त्याचा विषय निघाला की बायको 'तो' म्हणायची, मुलगी 'बाबा', आणि मिस्त्री काहीच म्हणायचा नाही. एके काळी दोघं एकाच गॅरेजात शेजारी शेजारी गाड्या उघडायचे. पहिला स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि चार माणसं श्वास धरून उभी राहायची. मग डोळे उघडून तो रोग सांगायचा आणि तो खरा निघायचा. त्यानंतरचं काम, म्हणजे गाडी उघडणं, साफ करणं, जोडणं, हात काळे करणं, हे हळूहळू मिस्त्रीकडे सरकायचं. पहिल्याचा एखादा बोल्ट ढिला राहायचा, एखादी नळी लोंबत राहायची, कारण त्याचं मन तोवर पुढच्या गाडीत गेलेलं असायचं. गिऱ्हाईक जाताना हात मिळवायचं ते पहिल्याशी. असाच एक दिवस तो दुसऱ्या शहरात दुसऱ्या कामासाठी आणि, नंतर कळलं त्याप्रमाणे, दुसऱ्या बाईसाठी निघून गेला. मागे दुधाचे दात पडायच्या वयाची मुलगी, औषधाच्या दुकानात नोकरी करणारी बायको आणि अंगणातली गाडी राहिली. मिस्त्री तिथे पहिल्यांदा गेला तो गळणारा नळ बघायला. अर्धवट टाकलेली कामं पुरी करणं हा आपला धंदाच आहे असं तो पुढे गमतीने म्हणायचा, पण हे लग्नाच्या बाबतीत म्हणाल्यावर बायको हसली नव्हती, आणि ती का हसली नाही यावर त्याने नंतर फार विचार केला होता.

गाडीचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा ड्रायव्हरची सीट अगदी मागे सरकवलेली होती. पहिला उंच. मिस्त्री तिच्यावर बसला तर त्याचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीटच्या पट्ट्या गंजलेल्या, सीट पुढे यायला तयार नाही. मोठ्या माणसाच्या खुर्चीत लहान पोर बसतं तसा तो सीटच्या काठावर टेकून, स्टिअरिंगला धरून बसला होता आणि बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. गंजावर तेल सोडून, ठोकून, लाथ मारून त्याने ती सीट दुसऱ्या दिवशी पुढे आणलीच. इंजिन बाहेर काढण्याआधी केलेलं पहिलं काम ते. खरं तर त्या गाडीत ते काम शेवटचं असायला हवं होतं हे कोणीही मेकॅनिक सांगेल.

आणि हे सगळं चाललं होतं ते मुलीला जाता यावं म्हणून. तिला नोकरी लागली होती ती नेमकी त्याच शहरात जिथे पहिला राहायचा. योगायोग आहे, बायको म्हणायची. मुलगीही म्हणायची. दोघी इतक्या वेळा म्हणाल्या की मिस्त्रीची खात्री पटली, योगायोग नाही. गाडीने जाईन, तीच गाडी घेऊन जाईन, असं तिने जाहीर केलं तेव्हा मिस्त्रीने भाजीवाल्याने भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं, की इंजिन बदलावं लागेल, करू. आत मात्र त्याने ठरवून टाकलं होतं. ती तिकडे पोचेल, पहिला बॉनेट उघडेल, आत बघेल, आणि त्याला आत प्रत्येक ठिकाणी मिस्त्रीचा हात दिसेल. पत्रा तुझा, पण जीव माझ्या हाताने घातलेला. मुलीलाही ते माहीत असेल. रोज सकाळी किल्ली फिरवताना थोडं थोडं माहीत असेल. इतकंच त्याला हवं होतं. आता त्या इंजिनाच्या ऐन तोंडाशी मोरपंखी फुल्या आल्या होत्या.

तिला वाढवताना त्याने कधी हिशोब मांडला नव्हता, असं त्याला वाटायचं. तिची वेणी घालायला तो वायरिंगच्या तीन तारा घेऊन शिकला होता. बायको सकाळच्या पाळीला जायची, मग वेणी त्याच्याकडे. वेणी इतकी घट्ट यायची की शाळेतून येईपर्यंत एक केस हलत नसे, आणि मुलगी म्हणायची, काका, डोळे ओढले जातात माझे. सायकल, मग स्कूटर, मग गॅरेजचा टेम्पो, सगळं त्याने शिकवलं. क्लच हळू सोड. आरशात बघ. पुढच्या माणसाला अक्कल नाही असं धरून चाल. ती शिकली आणि उत्तम शिकली. पण वाढदिवसाला पहिल्याचा फोन आला की ती गॅलरीत जायची आणि तिथून एक हसू ऐकू यायचं. ते हसू घरात कोणाला मिळत नव्हतं. त्याआधी तिचा एक छोटासा श्वास अडकायचा आणि मग ते सुटायचं. मिस्त्रीने एकदोनदा विनोद करून बघितले होते, चांगले विनोद, गॅरेजात माणसं पोट धरून हसली होती असले. ती हसली, पण ते वेगळं हसू. पहिला तिला ठिणगी म्हणायचा. मिस्त्रीला ते नाव आवडायचं, तिला शोभायचं, आणि म्हणूनच त्याने ते कधी तोंडात घेतलं नाही.

जेवताना त्याने बायकोला फुल्यांचं सांगितलं. त्याला वाटलं ती चिडेल. त्याला विचारायची काय गरज होती, असं काहीतरी म्हणेल. ती चष्मा कपाळावर चढवून आमटी वाढत होती. तिने विचारलं, बरोबर सांगितलंय का त्याने. मिस्त्री म्हणाला, ठीक आहे. "डोकं चालायचं त्याचं," बायको म्हणाली आणि मीठ पुढे सरकवलं. बस, एवढंच. ना राग, ना उसासा. राग असता तर त्याला समजलं असतं. जुना राग म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे, आणि त्याच्याशी झगडता येतं. या सपाट आवाजाशी कसं झगडायचं? तो अंथरुणावर पडून त्या तीन शब्दांना हातात घेऊन फिरवत राहिला. चालायचं. म्हणजे माझं चालत नाही? माझं डोकं आहे असं हिने कधी कोणाला सांगितलंय का? माझे हात चांगले आहेत असं सांगते. फार सांभाळून घेणारा माणूस आहे, असं सांगते. शेजारी बायको झोपली होती, शांत, एका कुशीवर, आणि तिच्या शांत झोपेचाही त्याला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने चिंधीवर थिनर ओतला आणि फुल्या पुसल्या. आधी मोठी, मग लहान. का पुसतोय हे त्याने स्वतःला सांगितलं नाही; कामाआधी वस्तू स्वच्छ करायचीच असते. थिनरच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. झडप उघडी राहावी आणि कीस आत जाऊ नये म्हणून त्याने नळकांड्यात कपडा कोंबला, आणि मग थ्रॉटल बॉडी उलटीपालटी करताना त्याचा अंगठा वरच्या अंगाला एका जाड भागावर पडला. तिथे ओतकाम चांगलं दांडगं होतं, आसाच्या किंचित मागे. इथे आटे जास्त खोल बसतील. ही गोष्ट खरी होती. त्याला एकदम हलकं वाटलं. लांबून बघणाऱ्याला धातूची जाडी दिसत नाही. ती अंगठ्याला कळते. लहान दोन भोकं त्याने पहिल्याने सांगितलेल्या जागीच पाडली, मन मोठं करून. ब्रेकचं मात्र त्याने वर घेतलं. पंचाने ठोका दिला, रॉकेलचे थेंब सोडले, ड्रिल धरलं. ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस वळ्या वळ्यांनी वर आला. आटे इतके सुंदर पडले की रबरी नळी अडकवायची पितळी तोटी हाताने फिरवली तरी गुळगुळीत आत गेली. तो शीळ घालत होता. हे काम बघायला कोणीतरी हवं होतं असं त्याला राहून राहून वाटलं.

एक गोष्ट त्याने केली नाही, आणि ती न करणारा तो माणूस नव्हता. कपडा काढून, झडप मिटवून, आत बॅटरी मारून त्याने भोक बघितलं नाही. झडप मिटताना सरळ उभी मिटत नाही, किंचित तिरपी बसते. एका अंगाला तिची कड मागे झुकते. ते अंग वरचं होतं. झडप उघडी धरून बघितलं तर भोक नीट मागे दिसत होतं. मिटल्यावर झडपेची कड बरोबर भोकावर येत होती, अर्धं भोक पुढे, अर्धं मागे. ब्रेकला मिळणार ती अर्धीमुर्धी ओढ. सगळं जोडून झाल्यावर इंजिन सुरू झालं, पहिल्याच किल्लीला, आणि मुलीने टाळ्या वाजवल्या. इंजिन थोडं जास्त फिरत होतं. त्याने स्क्रू पिळून ते खाली आणलं. इंजिन सुरू होताना ब्रेकचं पेडल पायाखाली जरा बसायला हवं. ते बसलं, पण जेवढं बसायला हवं तेवढं नाही. नवी नळी आहे, ताठ आहे, सरावेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर त्याने त्याच क्षणी बॉनेट पुन्हा उघडलं असतं. पण मुलगी सीटवर बसली होती, तिचे पाय पेडलला नीट पोचत होते आणि ती म्हणत होती, काका, चला ना, टाकीपर्यंत चक्कर मारू.

पाण्याच्या टाकीपासून रस्ता वळणं घेत खाली येतो. जाताना चढ होता. ब्रेकची गरज पडली नाही. मुलगी छान चालवत होती. गिअर बदलताना तिचा हात घाई करत नव्हता, आणि मिस्त्री शेजारी बसून बाहेर बघत होता, कारण तिच्याकडे बघितलं तर चेहऱ्यावरचा आनंद दिसला असता. इंजिनाचा आवाज भरदार, एकसारखा. हा आवाज त्या दुसऱ्या शहराच्या रस्त्यावरून जाईल, कोणीतरी उंच माणूस खिडकीतून वाकून बघेल. मिस्त्रीला त्या कल्पनेत इतकं बरं वाटत होतं की टाकीला वळसा घालून गाडी उताराला लागली तेव्हा त्याने पट्टा लावला नव्हता. पहिल्या वळणावर तिने ब्रेक मारला, गाडी ऐकली. दुसऱ्या वळणावर ऐकली, जरा उशिरा. तिसऱ्यावर समोरून हातगाडी आली, तिने दोनदा दाबला, आणि मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, पेडल दाबलं जात नाहीये."

मिस्त्रीला कळलं. खाली काय झालंय याचं चित्र त्याला तिथल्या तिथे दिसलं, झडपेची कड, भोक, सगळं, बॅटरी मारून दिसलं असतं त्यापेक्षा स्वच्छ. त्याने तिला गिअर खाली घ्यायला सांगितलं आणि हँडब्रेक ओढला, एकदम नाही, थोडा थोडा. मागची चाकं ओरडली. डाव्या हाताला एका बांधकामाची वाळू रस्त्यावर पडली होती. तो म्हणाला, तिकडे घाल. तिने घातली. गाडी वाळूत घुसली, पुढचा भाग वर उचलला गेला आणि थांबली, मिस्त्रीचं कपाळ काचेवर आपटलं. हातगाडीवाला लांबून एकदा वळून बघून निघून गेला. इंजिन अजून चालूच होतं, भरदार, एकसारखं. मुलीने किल्ली फिरवून ते बंद केलं. दोघं बाहेर आले. तिने वाकून वाळूत रुतलेलं पुढचं चाक बघितलं. तिने विचारलं, काय झालं. चुकलं कुठे.

उत्तर द्यायला मिस्त्रीला वेळ लागला नाही, याचं त्याला नंतर नवल वाटलं. "खुणा चुकल्या होत्या," तो म्हणाला. बोलताना त्याचा आवाज तसाच होता जसा त्याने योजला होता, मुळीच न चढलेला, समजावणारा. लांबून असं कळत नाही, तो म्हणाला; हातात वस्तू घ्यावी लागते. मुलीने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर जे पसरलं ते बघायला तो कितीतरी दिवस थांबला होता: बाबाबद्दलची निराशा, उघडी, लपवायलाही न सुचलेली. त्याला वाटलं होतं त्यात सुख असेल. थोडं होतंही. मग तिने फोन काढला. मिस्त्री म्हणाला, आता कशाला, घरी जाऊन बोल. तोवर पलीकडून पहिल्याचा आवाज आला, स्पीकरवर, मोठा आणि मोकळा, ठिणगी, बोल.

बाबा, तुझ्या खुणा चुकल्या, ती म्हणाली, उतारावर ब्रेक गेला. पहिल्याने आधी विचारलं, तुला लागलंय का. मग विचारलं, काकांना लागलंय का. मग तो गप्प झाला. ती शांतता मिस्त्रीने ओळखली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला कान लावून डोळे मिटलेला माणूस होता तो. आता तो डोळे उघडणार आणि रोग सांगणार. मिस्त्री वाळूकडे बघत उभा राहिला. त्याच्या कपाळावरून काहीतरी ओलं खाली येत होतं.

"माझंच चुकलं असणार," पहिला म्हणाला. "कॅमेऱ्यातून सांगितलं ना, तिरपं दिसलं असेल मला."

आणि मुलीचा चेहरा बदलला. निराशा होती तिथे दुसरं काहीतरी आलं, मऊ, मोठ्या माणसाचं. असू दे बाबा, ती म्हणाली, होतं असं, तू मनाला लावून घेऊ नकोस, आम्ही ठीक आहोत. मिस्त्रीने हा सूर कधी ऐकला नव्हता. तो तिच्याशी इतकी वर्षं इतका बरोबर वागला होता, की त्याला माफ करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. निघून गेलेल्या माणसाला तिने किती वेळा, किती गोष्टींसाठी माफ केलं असेल, आणि दर वेळी तिच्या आवाजाला हा मऊपणा आला असेल. आणि आज मिस्त्रीने स्वतःच्या हाताने आणखी एक माफी त्याच्या पदरात घातली होती. त्याचा इतका जळफळाट झाला की कपाळाचं दुखणं त्याला जाणवेना.

काकांकडे दे, पहिला म्हणाला. मिस्त्रीने फोन घेतला, स्पीकर बंद केला, कानाला लावला. कित्येक वर्षांनी तो आवाज असा कानात आला. पहिला घाईघाईने, हळू बोलत होता. वर, जाड भागात घेतलंत ना, तो म्हणाला. झडप मिटताना तिथे मागे झुकते. मीही एकदा तिथेच घेतलं होतं, जाडी बघून. भिंतीत घातली होती गाडी. ते भोक बुजवा आणि खाली घ्या. "तिला काही सांगू नका," तो शेवटी म्हणाला, "उगाच तुमच्यावरचा विश्वास जाईल तिचा." आणि मिस्त्री काही बोलायच्या आत फोन बंद झाला. म्हणजे चूकसुद्धा माझी स्वतःची नाही, मिस्त्रीच्या मनात आलं. तीही हा आधीच करून गेलाय.

मुलीने विचारलं, काय म्हणाला बाबा. तिथे थांबता आलं असतं. काळजी घ्या म्हणाला, असं सांगितलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. पण त्या मऊ आवाजाचा थोडा वाटा त्यालाही हवा होता, आज, इथेच, आणि तो मिळायचा एकच रस्ता दिसत होता. खरेपणाचा त्यात फारसा संबंध नव्हता हे त्याला बोलतानाही कळत होतं.

"खुणा बरोबर होत्या," तो म्हणाला. "मी त्या पुसल्या. ब्रेकचं भोक मी दुसरीकडे पाडलं. त्याने सांगितलं तिथे पाडायचं नव्हतं मला. जळतो मी त्याच्यावर. कायमच जळत आलोय."

वाळूचा ढीग चाकाखालून बारीक बारीक घसरत होता. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. ती ओरडली नाही. तो वाट बघत होता. ओरडणं, रडणं, मग तो मऊ आवाज. तिच्या कपाळाला आठी पडली, अवघड वायरिंग समोर आल्यावर लहानपणी पडायची तशी, आणि मग हळूहळू ती सुटली. ती काहीतरी समजत होती आणि ते त्याच्याबद्दलचं नव्हतं.

"मग बाबाने स्वतःवर का घेतलं?" तिने विचारलं.

मिस्त्रीला उत्तर माहीत होतं. आणि रस्त्यावर दुसरं कोणीच नव्हतं, ते तिला सांगेल असं. इतक्या वर्षांत त्याने तिच्यासमोर त्या माणसाबद्दल एक वाईट शब्द काढला नव्हता, याचा त्याला केवढा अभिमान होता. चांगला शब्दही काढला नव्हता हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मला सांभाळून घेतलं त्याने," तो म्हणाला. मग त्याने राहिलेलंही सांगून टाकलं. "मोठ्या मनाचा आहे तुझा बाबा."

मुलीने मान हलवली, जणू हे तिला माहीत होतं आणि फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं. गळ्यातली ओढणी काढून तिने त्याच्या हातात दिली. रक्त येतंय, काका, पुसा आधी, म्हणाली. मग ती थोडी लांब जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि तिने पुन्हा फोन लावला. मिस्त्रीने ओढणी घडी करून बॉनेटवर ठेवली, तिला डाग पडू नये म्हणून, आणि खाली बसून तो पुढच्या चाकाभोवतीची वाळू हातांनी उपसू लागला.